शनिवारचा मान

अँब्रोज ऑस्टेनडॉर्फ ईस्टरच्या आधीच्या उपासांत गेला. गोठ्यात, सकाळचं दूध काढताना, उभ्याउभ्या. सेंट लिओबा गावाच्या बेसबॉल संघाचा तो पुष्कळ वर्षांचा मॅनेजर, तेव्हा शवपेटी उचलायला संघातलेच सहा जण आले आणि कोटाच्या आत खेळाचे निळे शर्ट घालून आले. पाद्र्यांना ते रुचलं नाही. अँब्रोजच्या बायकोनं, हिल्डानं, त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, "फादर, तो वर पोचला असेल तर आधी मैदान कुठंय ते विचारेल. तुम्ही प्रार्थना उरका, लोक भुकेले आहेत."

चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच, काकडीचं लोणचं आणि कॉफी होती. दुसऱ्या कपाला लोकांच्या मनातला खरा प्रश्न बाहेर आला. आता मॅनेजर कोण? मिनेसोटातल्या ह्या जर्मन गावांत पाद्री बदलला तर चर्चा आठवडाभर चालते, बेसबॉलचा मॅनेजर बदलला तर वर्षभर. जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला. पगार नाही, मान थोडा, शिव्या भरपूर, असं ते काम.

"मी आहे ना," हिल्डा म्हणाली.

लायनस वेंकर हसला. हा संघाचा कॅचर, पिचरनं टाकलेला चेंडू फलंदाजामागं बसून पकडणारा. गावात गॅरेज चालवायचा, आणि तोंडानं फटकळ. "हिल्डा, आज तुझं मन ठिकाणावर नाही. घरी जा, झोप."

"लायनस, खेळ अडला की अँब्रोज पिचर बदलायचं कुणाला विचारायचा?"

"तुला. जाळीतून."

"मग मी जाळीच्या अलीकडे येते, एवढंच. गुण लिहायला दुसरी कुणी शोधा."

खोटं काही बोलली नव्हती. फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागं तारेची जाळी, जाळीमागं लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत गुणलेखन करणारी हिल्डा, हे चित्र लिओबातल्या दोन पिढ्यांनी पाहिलं होतं. रविवारी सकाळी ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, दुपारी ह्या खुर्चीत बसायची. फलंदाजाला जेवढं दिसतं जवळजवळ तेवढंच तिथून दिसतं. अँब्रोज माणसं सांभाळायचा, चेंडू ती बघायची. त्यांच्या संसाराची वाटणीही तशीच होती.

एकच गोष्ट लिओबानं तिला कधी विसरू दिली नाही. तिचं माहेर मारिएनफेल्डचं. सात मैलांवरचं गाव, मधे एक तळं, आणि दोन्ही गावांत बेसबॉलवरून चालत आलेलं हाडवैर. चाळीस वर्षं जवळ आली लग्नाला, तरी मारिएनफेल्डशी सामना हरला की कुणीतरी म्हणायचंच, "हिल्डाला आज रात्री झोप चांगली लागेल."

तिला मूल झालं नाही. पण लग्न होऊन आली तेव्हा घरात तीन वर्षांचा दीर होता. रोमन. सासूच्या अकरा लेकरांतलं शेंडेफळ, अँब्रोजपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. पुढच्याच वर्षी सासू गेली आणि नव्या नवरीच्या कडेवर पोर आलं. ब्रेड भट्टीत घातला की तो फुलेस्तोवर ती मागच्या अंगणात अँब्रोजचा चेंडू पकडायचा हातमोजा चढवून उभी राहायची आणि रोमन चेंडू टाकायचा. पोरगा सात वर्षांचा झाला तेव्हा तिच्या तळहाताला घट्टे पडायला लागले. सतराव्या वर्षी तो गावाच्या संघात पिचर झाला आणि एक्केचाळीसाव्या वर्षीही होता. लग्न केलं नाही. अँब्रोजबरोबर शेती केली, गाई सांभाळल्या, आणि हिल्डाच्या हातचं जेवला. आता अँब्रोज गेला, तेव्हा त्या मोठ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघंच उरले.

मेमध्ये खेळ सुरू झाला आणि हिल्डाला कळून चुकलं की चेंडू बघणं सोपं, माणसं सांभाळणं अवघड. नऊ इनिंगचा सामना एकच पिचर टाकत असला तर त्याचा हात म्हणजे उन्हाळ्यातली विहीर. एका रविवारी पूर्ण उपसली की पुढच्या रविवारपर्यंत झरे भरू द्यावे लागतात. घाई केली तर चिखल हाती लागतो. म्हणून शहाणा मॅनेजर आज कोण टाकेल एवढंच बघत नाही. आज ह्याला उपसला तर उद्या कोण, आणि उद्याचा संघ आजच्यापेक्षा तगडा असला तर आज कुणाला राखायचं, हे त्याच्या डोक्यात अखंड चाललेलं असतं. हिल्डाच्या डोक्यात ते स्वयंपाक करताना चालायचं, ऑर्गन वाजवतानाही चालायचं.

ऑर्गनवरूनच तिला ते दिसलं. ऑर्गन चर्चच्या मागच्या बाजूला, वर माडीवर. वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे, म्हणून समोर एक आरसा टांगलेला असतो, पाद्री कुठवर आला ते कळायला. त्या आरशात खालची माणसंही दिसतात. जुलैतल्या एका रविवारी सगळ्यांनी क्रूसाची खूण केली, हात कपाळाकडे गेले. रोमनचा हात छातीपर्यंतच गेला आणि कपाळ खाली हाताकडे आलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय भाविक माणूस आहे!

हिल्डाचा एक सूर चुकला.

पुढचे तीन-चार रविवार तिनं जाळीमागून नाही, तर डगआउटमधून, म्हणजे मैदानाच्या कडेला संघाच्या बसायच्या जागेतून, अगदी बाजूनं, त्याला पाहिलं. खांदा गेला होता. जोराचा चेंडू उरलाच नव्हता. संथ वळणारा एक चेंडू, त्याच्या आधी पाय उचलून धरायची जुनी लकब, आणि फलंदाजाकडे रोखून बघणं, एवढ्यावर तो सामने काढत होता. आणि काढत होता, हे विशेष. ती विचार करत राहिली आणि तिला उत्तर सापडलं, निदान तिला तसं वाटलं. आसपासच्या गावांतले फलंदाज रोमनच्या चेंडूला बाद होत नव्हते, रोमनच्या नावाला होत होते. पोरवयात त्यांनी त्याला बघितलेलं. तो समोर उभा राहिला की ते अजून पोरंच होत.

ऑगस्टमध्ये विभागाचा शेवटचा सामना लागला, तोही मारिएनफेल्डशी, त्यांच्याच मैदानावर. जिंकेल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार. लिओबा तिथं जाऊन एक पिढी लोटली होती. मारिएनफेल्डकडून कर्ट थिएल टाकत होता. चोवीस वर्षांचा, ताडमाड, त्याचा चेंडू डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना ऐकू यायचा. आणि लिओबाकडून रोमन. दोन विरुद्ध एक असा तो सामना रोमननं जिंकला, नऊच्या नऊ इनिंग टाकून. गाव मैदानात घुसलं. लायनसनं त्याला खांद्यावर घेतलं आणि तेव्हा रोमनच्या चेहऱ्यावरून जी कळ सरकून गेली, ती हिल्डानं बघितली.

आता इथली एक रीत आहे. राज्याला जाणाऱ्या संघाला हरलेल्या संघांतून तीन पिचर उसने घेता येतात. पिचरच, दुसरं कुणी नाही. आणि हे तिथल्या तिथं व्हायचं, घाम वाळायच्या आत. हरलेले लोक घरी जात नाहीत. मान खाली घालून बाकावर बसून राहतात आणि जिंकलेल्यांच्या मॅनेजरनं चालत त्यांच्याकडे जाऊन, टोपी काढून, मागायचं असतं. मागितलेल्यानं नाही म्हणायचं नसतं. शर्ट नव्या गावाचा चढतो, टोपी मात्र ज्याची त्याची राहते.

हिल्डा चालत गेली. ज्या मैदानाच्या कडेला ती लहानपणी गवतात लोळली होती, त्याच मैदानावरून.

"कर्ट."

तो उठून उभा राहिला. "मिसेस ऑस्टेनडॉर्फ, तुमच्या गावानं आज मला जे जे म्हटलं, त्यानंतर तुम्ही मला मागाल असं वाटलं नव्हतं."

"मीही म्हटलं त्यातलं थोडं. येतोस?"

"येतो."

"आणि मेल्विन."

बाकावर हशा उसळला. मेल्विन श्रूप हा डावखुरा, पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलणारा. हंगामभर त्यानं फारसं काही टाकलं नव्हतं. तो स्वतःच म्हणाला, "हिल्डा, नाव चुकलं असेल तुझं."

"चुकलं नाही. तुझे चेंडू कुठल्याच फलंदाजाला आवडत नाहीत आणि तुला ओळखत कुणी नाही. मला तेच हवंय."

तिसरा एक तिनं दुसऱ्या गावातून घेतला. तो पुढं आजारी पडला आणि आलाच नाही.

राज्याच्या स्पर्धेत हरला तो घरी. लिओबाचा पहिला सामना शनिवारी, जिंकले तर दुसरा लगेच रविवारी. दोन दिवस, दोन पिचर. आणि ह्याबाबतीत ह्या गावांत एक न लिहिलेला नियम होता. शनिवार घरच्याचा. उसना पिचर कितीही तगडा असो, पहिला चेंडू गावाच्या माणसानं टाकायचा. उसन्याची पाळी नंतर. त्यापायी कितीतरी गावं शनिवारीच हरून घरी आली होती आणि त्यांचे तगडे उसने बाकावर बसून शेंगदाणे खात राहिले होते. तरी रीत कुणी मोडली नाही. अँब्रोजनंही मोडली नसती.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे, सॉसेज आणि आंबवलेला कोबी होता. रोमन डाव्या हातानं जेवत होता.

"शनिवारी किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं.

"दहाला. कर्ट इथं येईल, आपल्याबरोबरच."

"त्याला काय घाई? तो रविवारी टाकणार."

हिल्डानं काटा खाली ठेवला. "कर्ट शनिवारी टाकणार."

रोमन चावायचा थांबला. मग सावकाश गिळलं. "आणि रविवारी मी."

"रविवारी मेल्विन."

"मेल्विन!" तो हसला, पण हसू मधेच तुटलं. "हिल्डा, मेल्विनला बुटाची नाडी बांधायला बायको लागते."

"तुला क्रूसाची खूण करायला मान खाली घालावी लागते. मला आरशातून दिसतं, रोमन."

रोमननं उजवा हात टेबलाखाली घेतला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"जुलै. तुला?"

"मे." त्यानं ताट दूर सारलं. "डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणतो, आत चिंध्या झाल्यात. आता टाकायचं नाही."

"मग झालं तर."

"झालं काय? मारिएनफेल्डला टाकून हरवलंच ना ह्याच हातानं?"

"त्यांना तुझं नाव माहीत आहे. राज्यातल्या पोरांना नाही. ते फक्त चेंडू बघतील, आणि तुझा चेंडू आता बघण्यासारखा राहिला नाही."

हे असं बोलायला नको होतं, पण हिल्डाला गोड करून बोलता कधी आलंच नाही. रोमन उठला. दाराशी थांबला.

"गावाला सांगू नकोस."

"काय सांगू मग? शनिवार कर्टला का दिला म्हणून?"

"काहीही सांग. हे नको. ह्या गावात मी एवढाच आहे, हिल्डा. तेवढं ठेव."

तिनं ठेवलं.

गुरुवारी लायनस आला, हाताचं ग्रीस पुसत, दारातच उभा राहिला. "गावात म्हणतायत की तू शनिवार मारिएनफेल्डच्या पोराला दिलास."

"खरं म्हणतायत."

"का?"

"जिंकायचंय म्हणून."

"रोमनच्या चेंडूचा वेग गेलाय, ते मलाही कळतं. पंधरा वर्षं मी पकडतोय त्याला. पण रोमन तो रोमन. त्याच्या भावाला जाऊन सहा महिने नाही झाले. आणि तू, त्याची भावजय, त्याला बाकावर बसवणार?"

"बसवणार."

"कारण तरी सांग एखादं. चांगलं."

"हेच चांगलं आहे."

लायनसनं फडका खिशात कोंबला. "लोक म्हणतात ते मी कधी मानलं नाही. पण माहेर ते माहेर, होय ना?"

हिल्डानं दार लावून घेतलं. मग ओट्याशी उभी राहून तिनं सगळ्या चहाच्या बश्या, स्वच्छ असलेल्याही, पुन्हा धुतल्या.

शनिवारी कर्टनं टाकलं आणि समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. चार विरुद्ध शून्य. मारिएनफेल्डची हिरवी टोपी आणि लिओबाचा निळा शर्ट. प्रत्येक फलंदाज बाद झाला की लिओबाचे लोक टाळ्या वाजवायचे, पण कशा, तर शेजारणीच्या सुनेनं केक चांगला केला की वाजवतात तशा. खेळ संपल्यावर मैदानात कुणी घुसलं नाही. गर्दीतून एक बाई, जिच्या लग्नात हिल्डानं ऑर्गन वाजवला होता, मोठ्यानं म्हणाली, "जिंकलं बरं मारिएनफेल्ड!" आणि आजूबाजूचे हसले.

रोमन सबंध सामनाभर बाकाच्या टोकाला बसून होता. कुणी विचारलं तर, "मॅनेजरची मर्जी," एवढंच म्हणायचा. हे उत्तर हिल्डाला टोचलं, पण तिनंच कबूल केलं होतं. पदरात घेतलं ते घेतलं.

रविवारी सकाळी सगळे त्या परक्या गावच्या चर्चला गेले. ऑर्गनवर दुसरीच कुणी होती आणि फार संथ वाजवत होती. हिल्डा आयुष्यात पहिल्यांदा खाली, लोकांत, रोमनच्या शेजारी बसली. आरशात जे दिसलं होतं ते जवळून बघणं वेगळं. मान खाली जायची, हात कसाबसा वर यायचा, दोघं मधे कुठंतरी भेटायचे. प्रत्येक वेळी त्याचा श्वास अडकायचा. ती पुढं बघत राहिली.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "आज मला दे."

"नाही."

"ऐकून तर घे. हात जायचाय, तो गेलेलाच आहे. डॉक्टर म्हणाला, टाकलं नाहीस तरी पहिल्यासारखा होणार नाही. तो गोठ्यात जाणार की चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, तेवढंच आता माझ्या हातात आहे."

"आणि बाकीचे आठ जण? लायनस? ते जिंकायला आलेत."

"ते मला बघायला आलेत. विचार त्यांना."

"विचारायची गरज नाही, मला ठाऊक आहे ते काय म्हणतील. म्हणूनच मॅनेजर एक असतो, नऊ नसतात."

घंटा वाजत होती, माणसं दोन्ही बाजूंनी उतरत होती, आणि रोमन तसाच उभा होता, कॉलरचं बटण न लावलेला, कारण तिथवर हात पोचत नव्हता. हिल्डानं दोन्ही हात वर करून ते बटण लावलं. चार वर्षांचा असताना लावायची तसं. आणि तिथंच ती हरली.

"मी चेंडू मागायला आले की वाद घालायचा नाही," ती म्हणाली.

"नाही घालणार."

पहिल्या इनिंगला रोमन निभावला. एक चेंडू उंच उडाला आणि झेलला गेला, एक थेट हातात गेला, तिसरा फलंदाज घाईनं चुकला. लिओबाचे लोक उभे राहून ओरडत होते. अँब्रोजच्या मरणानंतर ते असे ओरडलेच नव्हते. हिल्डाकडे बघून लायनसनं मान डोलावली. जणू म्हणत होता, बघ.

दुसऱ्या इनिंगला त्या पोरांना चेंडू दिसायला लागला. पाय उचलून धरण्यानं ती दबकली नाहीत, रोखून बघण्यानं तर नाहीच. ती नुसती थांबली, चेंडू वळेपर्यंत वाट पाहिली, आणि मारलं. एक, मग दुसरा. मग एक कुंपणाला लागला. पाच धावा झाल्या तेव्हा हिल्डा डगआउटमधून बाहेर आली.

मॅनेजरनं उंचवट्यापर्यंत चालत जाऊन पिचरच्या हातून चेंडू घ्यायचा असतो. दुसऱ्या कुणी जाऊन चालत नाही, लांबून खूण करून चालत नाही. चर्चचे काळे बूट होते तिच्या पायात, टाचेचे, ते गवतात रुतत होते. लायनस आधीच तिथं पोचला होता.

"अजून एक फलंदाज दे त्याला," लायनस म्हणाला.

"लायनस, गप्प."

रोमननं तिच्याकडे बघितलं. कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात उचलत नव्हता. "अँब्रोजनं दिला असता एक."

"दिला असता. अँब्रोज चांगला होता. दे इकडे."

वाद घालायचा नाही असं ठरलं होतं, आणि त्यानं घातला नाही. चेंडू डाव्या हातात घेतला आणि तिच्या तळहातावर ठेवला. मग चालायला लागला. लिओबाचे लोक त्याच्यासाठी उभे राहिले, टोप्या काढल्या, टाळ्या वाजवल्या, ह्या वेळी मनापासून. टाळ्या थांबल्यावर कुणीतरी ओरडलं, "हिल्डा, मारिएनफेल्डची गाडी उभीये!" तिनं मागं वळून बघितलं नाही. धापा टाकत मेल्विन आला, त्याच्या हातात तिनं चेंडू दिला आणि सांगितलं, "हळू टाक. जितकं हळू जमेल तितकं."

मेल्विननं त्यानंतर एकही धाव दिली नाही. त्याचा तो पिळदार, आळसट चेंडू त्या तगड्या पोरांना लागेचना. ती बॅट फिरवून दमली. लिओबानं एकेक करत चार धावा काढल्या आणि पाच विरुद्ध चार असा सामना हरला. मेल्विनला पहिल्यापासून दिलं असतं तर काय झालं असतं, हे गणित हिल्डाला येत होतं. तिनं ते कधी कुणापुढे मांडलं नाही. गावानं तर मुळीच मांडलं नाही. गावाच्या लेखी शनिवारी हिल्डानं रीत मोडली आणि रविवारी म्हणून देवानं शिक्षा केली. रविवारी गावाच्याच मनासारखं झालं होतं आणि रविवारीच ते हरले, हे त्यांच्यापैकी एकालाही आजवर सुचलेलं नाही.

खेळ चालू असताना बाकावर एक गोष्ट घडली, तीही सांगायला हवी. रोमन येऊन बसला तेव्हा सगळे सरकले. एकटा कर्ट जवळ आला. बियरच्या पिंपातला बर्फ त्यानं पंच्यात बांधून आणला, न विचारता रोमनच्या खांद्यावर ठेवला आणि धरून बसला.

"तुला कुणी सांगितलं?" रोमननं विचारलं.

"सांगायला कशाला हवं? आम्हाला जूनपासून माहीत होतं. सगळ्या मारिएनफेल्डला."

हिल्डा चार पावलांवर उभी होती. तिनं मान वळवली.

"माहीत होतं," रोमन म्हणाला, "तर मारलं का नाही मला?"

"तेच तर! बैठक घेतली आम्ही तुझ्यावर. खांदा गेलाय, चेंडू हळू येतोय, वळेपर्यंत थांबायचं, सगळं ठरलं. आणि तू नऊ इनिंग टाकल्यास. मला अजून कळलेलं नाही तू काय केलंस ते."

रोमननं डावा हात वर नेऊन बर्फ स्वतः धरला. "मलाही नाही कळलं," तो म्हणाला.

हिल्डा पुन्हा खेळाकडे बघायला लागली. फलंदाज त्याच्या नावाला बाद होतात, हे तिनं किती खात्रीनं मांडलं होतं! आणि इथं हा पोरगा सांगत होता की नाव बाजूला ठेवूनच ते उतरले होते. म्हणजे त्या दिवशी त्या मैदानावर, चिंध्या झालेल्या त्या हातात काहीतरी होतं आणि ते तिला डगआउटमधून दिसलं नव्हतं. आज ते नव्हतं.

परतताना दोघंच होते. कर्ट आणि मेल्विन त्यांच्या लोकांबरोबर गेले. जुना पिकअप ट्रक होता, तिकडच्या रीतीप्रमाणे स्टीअरिंग डावीकडे आणि गिअरचा दांडा उजव्या हाताशी. हिल्डानं किल्लीसाठी हात पुढं केला, "मी चालवते."

"एका दिवसात किती गोष्टी काढून घेशील?" रोमन म्हणाला आणि स्टीअरिंगमागं बसला.

पण उजवा हात मांडीवर पडला होता तो पडलाच होता. गिअरच्या दांड्यापर्यंतही जाईना. त्यानं दोनदा प्रयत्न केला, ओठ चावून. मग क्लच दाबून, समोर बघत म्हणाला, "पहिला."

हिल्डाला आधी कळलं नाही. मग तिनं दांडा धरला आणि ढकलला. गाडी हिसका देऊन निघाली.

"दुसरा." थोड्या वेळानं, "तिसरा. हिल्डा, पुढं ढकल. पुढं! ऑर्गन नाही तो."

"तू नीट सांगशील तर."

दोन्ही बाजूंना मका वाळायला लागला होता.

"शनिवारी तू बरोबर होतीस," रोमन म्हणाला.

"हो."

"आज चुकलीस."

"हो."

"माहीत असून?"

"पुढं बघ. ट्रॅक्टर आहे."

लिओबात शिरताना दारूच्या गुत्त्यासमोर थांब्याची पाटी आहे, तिथं गाडी पूर्ण थांबवावीच लागते. अख्खा संघ बाहेर पायऱ्यांवर बाटल्या घेऊन बसला होता, त्यांच्या बायका होत्या, लायनस मधोमध. त्यांना बघून बोलणं थांबलं. हिल्डानं दांड्यावरचा हात काढून मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर दुसरीकडे बघायला लागली. गाडी उभीच राहिली. लोक वाट बघत होते, ही पुढं का जात नाही म्हणून.

रोमननं पायऱ्यांकडे एकदा बघितलं. मग काच खाली होती तरी आवाज न दबवता म्हणाला, "पहिला टाक, हिल्डा. मला जमत नाही."

तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पुढं रेटला. गिअरचे दात करकरले. लायनस उठून उभा राहिला. त्यानं रोमनचा पडलेला हात बघितला, मग हिल्डाकडे बघितलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण गाडी सुटली होती, आणि दुसरा टाकायची वेळ झाली होती.